तोल गेला त्याचा

तोल गेला त्याचा. आता कितीदा सांगू? पोलिसालाही हेच सांगितलं – म्हणजे हातवारे करून सांगितलं, हा असा पाय सरकला, हा असा हात गेला – आणि तुम्हालाही हेच सांगतोय. फरशीवर तेल सांडलेलं होतं, तुमच्याच स्वयंपाकघराची फरशी, पुसायची तुम्हीच – त्याचा पाय घसरला आणि हात गेला फ्रायरच्या उकळत्या तेलात. संपलं. एवढंच विचारायला दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरून खाली आलात ना? मिळालं उत्तर. जा आता, नवऱ्यापाशी बसा. ... नाही जात? बरं, बसा मग. बाक काही माझ्या बापाचा नाही. फक्त अशा चिकटून बसू नका, हात बांधलाय माझा ह्या बाकाच्या कठड्याला, बाक हलला की बेडी मनगटात रुततेय. त्या टोकाला सरका. हां. आणि त्या पोलिसाकडे सारखं बघू नका, त्याला वाटायचं मी धमकावतोय तुम्हाला. मी कुठं धमकावतोय? बोलतोय मी. आवाजच असा आहे माझा. भंगाराचं यार्ड आहे आपलं, जुन्या गाड्या फोडायचा धंदा, दिवसभर घणाचे ठोके – तिथं कोणी कानात कुजबुजत नाही.

ते दार दिसतंय, वर काच बसवलेलं? त्याच्या आत माझी मुंगी आहे. नाव वेगळंय, पण घरात मुंगीच म्हणतो, एवढीशी आहे ना म्हणून. दहा पुरी झाली, पण कोणी बघितलं तर सातचीही म्हणणार नाही. अंगाला लागतच नाही काही. गहू म्हणजे विष आहे तिला, विष! ते ग्लूटेन का काय म्हणतात ते. मैदा, रवा, पाव, बिस्कीट – चिमूटभर पीठ पोटात गेलं तरी आतडी आतून सोलून निघतात, आमचे डॉक्टरच म्हणाले होते. आणि हे मी तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या दारावरच पाटी आहे ना, गव्हाची लोंबी आणि तिच्यावर लाल फुली? ती पाटी बघून तर आत शिरलो आम्ही. आणि तुम्ही गल्ल्यावरून आपल्या भाषेत म्हणालात, “या ना, बसा” – खरं सांगतो, परक्या मुलखात ते ऐकून डोळे भरून आले माझे. ताई म्हटलं मी तुम्हाला. ह्या तोंडानं ताई म्हटलं. आणि तुम्ही काय म्हणालात? “दादा, काही काळजी करू नका, माझी जबाबदारी.” म्हणालात की नाही? मग आता मान खाली घालून काय बसलाय? बोला ना! – नाही, नाही, काही नाही झालं साहेब, बसा तुम्ही, कॉफी प्या. बघितलंत? लगेच उठतो तो.

हा सगळा मुंगीचा हट्ट. बाबा, मला एकदा हॉटेलात जेवायचंय. खुर्चीवर बसून. मेनूकार्ड हातात धरून, मला हे हवं, मला ते नको, असं म्हणायचंय. आता दहा वर्षांच्या पोरीनं मागून मागून काय मागितलं, तर हे. घरी आम्ही बाहेरचं खातच नाही. गव्हाचा कण नाही घरात. माझ्या धाकट्या भावानं त्याच्या पोराच्या वाढदिवसाला केकचा एवढासा तुकडा भरवला तिला, वर हसून म्हणतो, “एवढ्यानं काय होतंय?” जबडा मोडला मी त्याचा. तिथंच, फुगे लावलेले, मेणबत्त्या पेटलेल्या. तेव्हापासून बोलत नाही तो माझ्याशी. नाही बोलला तर नाही. तसंही जबड्याला तारा बांधल्या होत्या, बोलणार काय आणि कशानं? तर सांगायचं म्हणजे, मी म्हटलं, नेतो पोरीला. परदेशात म्हणे लोकांना समजतं हे सगळं, पाट्या असतात, वेगळी भांडी असतात. चिठ्ठी छापून घेतली इथल्या भाषेत – हिला गहू चालत नाही, सुरी वेगळी, तवा वेगळा, तेल वेगळं – जिथं जाईन तिथं आधी ती चिठ्ठी नाकासमोर धरायची, मग खुर्ची ओढायची. आणखी काय करायचं असतं बापानं?

आणि तरी! प्रत्येक गावात तरी! जेवून उठेपर्यंत पोरगी हसतेय, बोलतेय, गाणं म्हणतेय, आणि खोलीवर आलो की तासा-दोन तासांत पोट धरून जमिनीवर. पहिल्या गावात मी परत गेलो आणि त्यांचं काचेचं कपाट पाडलं, बाटल्यांसकट. माणसाला हात लावला नाही. दुसऱ्या गावात लावला. वेटर होता, तरणाताठा, चिठ्ठी त्यानंच वाचली होती आणि मान डोलावली होती नंदीबैलासारखी. भिंतीला लावला त्याला. दात पडला त्याचा बशीत – टिंग. सकाळच्या गाडीनं गाव सोडलं आम्ही. गाडीत बायको म्हणाली, पुरे झालं आता, घरी जाऊ, मी तिला काहीतरी शिजवून घालीन. हिला मी... म्हणजे तसं काही नाही, दारात सापडलं तिचं बोट. गाडीचं दार जड असतं. तिनं बोट तिथं ठेवायचंच कशाला? आणि मुंगी – तुम्ही बघितलंत ना तिला जेवताना? घास घेताना ताटाकडे बघत नाही ती. माझ्या हातांकडे बघते. मला वाटायचं, सवय असेल एखादीला.

तुमच्याकडे मात्र मला बरं वाटलं होतं, खोटं नाही बोलत. तो तुमचा नवरा स्वतः बाहेर आला, ओले हात पुसत. नवी कढई दाखवली, तांदळाच्या पिठाचं सीलबंद पाकीट दाखवलं, माझ्यासमोर फोडलं. भाषा येत नाही, पण मुंगीसमोर उकिडवा बसून अशी बोटांची मुंगी करून चालवली टेबलावर – तुम्हीच सांगितलं असणार त्याला नाव. पोरगी अशी खिदळली! मासा खाल्ला, भात खाल्ला, बटाट्याच्या तळलेल्या फोडी खाल्ल्या, बोटं चाटली. मी बायकोला म्हटलंसुद्धा, बघ, देव आहे. आणि खोलीवर आलो, आणि पोरगी पांढरीफटक. उलट्या, उलट्या, मग नुसतं पिवळं पाणी, मग डोळेच फिरवले हो तिनं. माझ्या हातात मान टाकली. तुम्हाला मूल आहे? नाही? मग तुम्हाला नाही कळायचं. अँब्युलन्समध्ये चढवलं दोघींना आणि म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.

मागच्या दारानं आलो. तुम्ही पुढे होतात, गल्ल्यावर, हिशेब नाही तर काय ते करत. तो एकटाच होता आत, पाठमोरा, ट्रे विसळत होता. आणि मला काय दिसलं? तो फ्रायर. एकच. मोठा. तेल उकळतंय आणि त्यात तळाशी काळा चुरा फिरतोय – पावाचा, पिठाचा, कशाकशाचा. म्हटलं, ह्यात? ह्यात तळलंस माझ्या पोरीचं? वळला तो. आणि हसला. माझ्याकडे बघून हसला हो! बोटांची मुंगी केली परत, म्हणजे काय, पोरगी कशी आहे? का काय? मला काय माहीत काय म्हणायचं होतं त्याला! मला एवढंच दिसलं की माझी पोर तिकडे मरतेय आणि हा बोटं नाचवतोय. तर मी फक्त मनगट धरलं. फक्त धरलं. दाखवायचं होतं मला त्याला, की बघ, बघ डोळे उघडून, हे काय आहे ह्या तेलात. जवळ नेला हात, दाखवायला. आता तो ओढायला लागला मागं, तर मी काय सोडणार? गाडीची बॉडी एका हातानं उलटी करतो मी, त्याचं मनगट ते केवढं. तेलाचा आवाज कसा येतो ना, ओलं काही पडलं की – चर्रर्र. तो ओरडला, मी म्हटलं, ओरड, माझी पोरगीपण अशीच ओरडली. मी म्हटलं, अजून, अजून थोडं... म्हणजे म्हटलं मनातल्या मनात. तोल गेला त्याचा. फरशीवर तेल होतं.

काय? ... काय म्हणालात? त्या फ्रायरमध्ये नव्हतंच तळलं? मग कशात? ... नवी कढई. हो, दाखवली होती, पण म्हणून त्यातच तळलं कशावरून? ... तुमच्यासमोर तळलं. बरं. तेलही नवं, बाटली फोडून. बरं, बरं, मान्य. चमचा? ... तोही वेगळा. मासा? ... तोही त्याच पिठात. बाई, मग तुम्हीच सांगा मला – सगळंच वेगळं, सगळंच नवं, सगळंच धुतलेलं, तर मग माझ्या पोरीला झालं कशानं? हवेनं? तुमच्याकडे नाही तर कुठं गेलं तिच्या पोटात? पाणी आम्ही सीलबंद पितो. ब्रश घरचा, पेस्ट घरची, ताट-चमचा घरचा. दुसरं काहीच नाही खात ती. बाहेरचं जेवण झालं की आईनं दिलेलं चूर्ण तेवढं चमचाभर, संपलं. ... हो, माझ्या आईनं. निघताना डबा भरून दिलाय, की बाहेरचं खाल्लं की पोरीला लगेच चमचाभर द्यायचं, म्हणजे बाधायचं नाही. आमच्यात पहिल्यापासून आहे ते. घरी नाही देत, घरी कशाला लागतंय, घरचं अन्न बाधतं का कोणाला? बाहेरचं खाल्लं तरच.

का, असं का बघताय? चूर्ण म्हणजे काय खाणं आहे का? औषध आहे ते. इथली नर्स पण अशीच, तोंडानं काही देऊ नका, काही देऊ नका, बोट हलवत असते. काल संध्याकाळी आणलं पोरीला, सलाईन लावलं, रात्रीत उलट्या थांबल्या. सकाळी उठून बसली, माझ्याकडे बघून हसलीसुद्धा जरा. तेव्हा अजून पकडलं नव्हतं मला. मी म्हटलं, आता जरा पोट साफ होऊ दे, नर्सची नजर चुकवून चमचाभर चाटवलं. तर काय सांगू, तासाभरात परत तेच! परत ओकायला लागली, परत पोट आवळून पडली. आता इथं तर तिनं घोटभर पाणीसुद्धा घेतलेलं नाही कोणाच्या हातचं! म्हणूनच तर म्हणतो, तुमच्याकडचं विष किती खोल गेलंय बघा, की दुसऱ्या दिवशी, नुसत्या सलाईनवर, काही पोटात नसताना... काही नसताना...

थांबा. तुम्ही बोलू नका. मला बोलू दे. चूर्णात काही नाही. मला पाठ आहे चूर्ण, लहानपणी मीच कुटायचो आईसमोर बसून. ओवा, जिरं, सुंठ, सैंधव, बडीशेप, हिंग. कुठाय गहू? सांगा, कुठाय? ... हिंग? हिंगाचं काय? हिंग म्हणजे हिंग, झाडाचा चीक असतो वाळवलेला, त्यात... खडा नाही हो, खडा कोण फोडत बसतंय आता, डबीतली पूड. पिवळी. पूर्ण डबी घालते आई, हात सैल आहे तिचा. ... कशात? ... पिठात? पिठात मिसळून करतात पूड? कोण म्हणतं? ... तुम्ही ठेवत नाही स्वयंपाकघरात? ह्याच्यासाठी? ... सगळ्यांना माहीत आहे म्हणजे? मला नव्हतं माहीत! माझ्या आईला नव्हतं माहीत! डॉक्टरनं सांगितलं रवा, मैदा, पाव, बिस्कीट – हिंग कुठं म्हणाला तो? खोटं बोलताय तुम्ही. नवऱ्यासाठी खोटं बोलताय. खोटं बोलत असाल ना, तर ह्या बेडीसकट बाक उपटून तुमच्या... नाही. नाही, साहेब, काही नाही. बसतो. बसलो. ... पहिल्या गावात दिलं होतं. दुसऱ्या गावात, हो, खोलीवर आल्या आल्या, मीच. जबरदस्तीनं. नको म्हणत होती, तिखट लागतं बाबा म्हणत होती. नाक दाबून घातलं मी. प्रत्येक वेळी मीच.

किती वाजले? नाही, ते राहू द्या, आधी काचेतून बघा, नर्स आहे का आत? तुम्ही उठा आणि बघा, मला इथून तिची पाठ तेवढी दिसतेय. आहे ना? आहे. मग ठीक आहे. नर्स आहे तोवर ठीक आहे. कारण – ऐका – तुम्ही यायच्या जरा आधी बायको दारात आली होती, तिला सांगितलंय मी, मळमळ थांबत नाहीये, डबा तुझ्या पर्समध्ये आहे, नर्सची पाठ वळली की एक चमचा नाही, दोन चमचे दे. दोन म्हणालो मी. तिनं मान हलवली. ती सांगितलेलं करते. करतेच, न करून सांगते कोणाला? ... आता ही नर्स कुठं निघाली? अहो, ही बाहेर का येतेय? ट्रे घेऊन कुठं चालली? ए बाई! ओ सिस्टर! आत जा! आत थांब! – ए, सोड मला, पोलीस, सोड, मी पळत नाहीये, माझी पोरगी – अगं ए! देऊ नकोस! देऊ नकोस तिला! – सोड ना रे, मान सोड! – बघा, बघा, दिसतेय का ती तुम्हाला? माझा आवाज ऐकला तिनं. पडदा ओढून घेतला. मी ओरडलो की ती पडदा ओढते, घरीपण असंच, पोरीला कुशीत घेते आणि दार लावते, आणि घाईघाईनं तेच करते जे मी शेवटचं सांगितलेलं असतं. आत्ता डबा उघडत असेल ती. माझा आवाज ऐकूनच उघडत असेल. ओरडता येत नाही मला! कळतंय का तुम्हाला, ओरडता येत नाही!

तुम्ही जा. ताई, तुम्ही जा. इथं दुसऱ्या कोणाला कळतंय मी काय म्हणतोय? हा गुडघा ठेवून बसलाय पाठीवर, ह्याला वाटतंय मी तुमच्या अंगावर जातोय. तुम्हालाच कळतं. दहा पावलांवर तर दार आहे, ढकललं की उघडतं. तिच्या हातातून डबा काढून घ्या फक्त. समजावू नका, आधी काढून घ्या. उठा ना. बसून काय राहिलात? माझ्यावर सूड आहे ना तुमचा, तो माझ्यावर घ्या, तिनं काय केलंय तुमचं? तिच्यासाठी त्यानं बोटांची मुंगी... उठलात. हां. जा. – थांबलात का? काय? ... आत्ता? हे आत्ता विचारताय? पोरगी तिकडे... नाही गेला! नाही गेला त्याचा तोल! फरशी कोरडी होती. मी घातला त्याचा हात, मी धरून ठेवला, तो माझ्याकडे बघून रडत होता तरी धरून ठेवला, त्याचं काही चुकलं नव्हतं तरी. झालं? सांगा ह्या पोलिसाला ह्याच्या भाषेत, काय शब्द असेल तो सांगा, मी मान हलवतो. ही बघा, हलवली. पाहिलंस ना रे? हलवली. आता जा. तिकडे नाही, जिन्याकडे नाही – त्या दारातून. जा, चमचा तिच्या तोंडाला लागायच्या आत जा.